एकट्यानं आलेलं मूल घरात येतं तेव्हा: ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या मुलांचं मन सांभाळताना

त्या मुलाची कहाणी तुम्हाला कळायलाच हवी असं काही नाही. आई-वडिलांशिवाय ब्रिटनमध्ये येऊन आश्रय मागणाऱ्या मुलांसोबत जे कोणी नव्यानं काम करायला तयार होतात, मग ते फॉस्टर केअरर (अशी मुलं आपल्या घरी सांभाळणारे) असोत, घरातली खोली देणारे यजमान, कॉलेजातले शिक्षक किंवा आठवड्यातून दोन तास येणारे स्वयंसेवक, त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. आपण मराठी माणसं यात हमखास फसतो. पाहुणा आला की पाण्याचा पेला पुढे करता करता आपण विचारतो, गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, भावंडं किती. आपल्या लेखी ती आपुलकी. पण सुदानहून लिबियामार्गे आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला हेच प्रश्न आधी इंग्लंडच्या आग्नेयेला केंटच्या किनाऱ्यावर, होडीतून उतरताच, गणवेशातल्या माणसानं विचारलेले असतात, मग सोशल वर्करनं, मग सॉलिसिटरनं म्हणजे वकिलानं, मग डॉक्टरनं. उत्तर चुकलं तर काय होईल या धास्तीतच त्यानं ती दिलेली असतात. तुमच्या स्वयंपाकघरात तेच प्रश्न पुन्हा आले की तो तुम्हालाही त्याच रांगेत बसवतो.

त्याला आधार वाटतो तो उद्याचा दिवस कसा जाणार हे आधी कळलं तर, आणि घरातलं मोठं माणूस सांगितलेल्या वेळी सांगितलेल्या जागी असलं तर. पुढचं सगळं याच धोरणानं लिहिलं आहे.

थोडी पार्श्वभूमी, इंग्लंडपुरती. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था थोडी वेगळी आहे.) ही मुलं मुख्यतः सुदान, एरिट्रिया, अफगाणिस्तान, इराण, इराक, सीरिया, व्हिएतनाम इथून येतात. बहुतेक मुलगे, आणि बहुतेक १६-१७ वर्षांचे. १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम २० नुसार त्यांची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर (आपल्याकडच्या पालिकेसारखी संस्था) येते. सगळा भार एकट्या केंटवर पडू नये म्हणून २०१६ पासून मुलांना देशभरच्या कौन्सिलांकडे पाठवण्याची योजना आहे. ती २०२१ च्या अखेरीस सक्तीची झाली. त्याच वर्षापासून होम ऑफिसनं (आश्रयाचे अर्ज बघणारं ब्रिटनचं गृहखातं) अशा मुलांना हॉटेलांत ठेवायला सुरुवात केली. तिथून सुमारे २०० मुलं बेपत्ता असल्याचं जानेवारी २०२३ मध्ये सरकारनंच संसदेत सांगितलं, आणि त्या जुलैत हाय कोर्टानं हा प्रकार बेकायदा ठरवला. सांगायचं कारण इतकंच, की तुमच्या दारात पोचेपर्यंत "आता इथेच राहायचं" हे वाक्य त्यानं अनेकदा ऐकलेलं असतं आणि दर वेळी ते खोटं ठरलेलं असतं.

तो येण्याआधी

सोशल वर्करला फोन करून विचारा. भाषा नेमकी कोणती? "कुर्दिश" एवढ्यावर भागत नाही. सोरानी बोलणाऱ्या मुलासाठी कुर्मांजी बोलणारा दुभाषी आला तर दोघंही घाम पुसत बसतात. सुदानी मुलाला अरबी येत असलं तरी दारफुरच्या मुलाची घरची भाषा झघावा किंवा मसालित असू शकते. मग विचारा, आपण कुठे जातोय हे त्याला सांगितलंय का? सॉलिसिटर मिळालाय का? वयाबद्दल वाद आहे का, म्हणजे तो सांगतो ते वय अधिकाऱ्यांना पटत नाही असं? त्याचा कुणी माग काढत असेल अशी शंका आहे का? कुणाशी फोनवर बोलणं होतं? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा अर्धवटच मिळतात, तरी विचारा.

पहिली रात्र

या रात्री मायेपेक्षा माहिती जास्त उपयोगी पडते. न्हाणीघराची कडी कशी लागते हे दाखवा. गरम पाणी कुठून येतं, रात्री भूक लागली तर काय घ्यायचं, वाय-फायचा पासवर्ड, चार्जर. घरात कोण कोण झोपतं आणि कुठे, हेही सांगा. दार ठोठावल्याशिवाय त्याच्या खोलीत कुणी येणार नाही हे सांगा आणि मग तसंच वागा. स्मोक अलार्मचा आवाज कसा असतो आणि तो का वाजतो हेही सांगून ठेवा. फोडणीनं तो वाजतोच, आणि तेव्हा मूल जीव घेऊन बागेत पळालेलं नको. आईला किंवा आणखी कुणाला कळवायचंय का, असं एकदाच विचारा. "नाही" म्हणाला तर विषय तिथेच सोडा.

उद्या सकाळी काय होणार ते कागदावर लिहून द्या. नऊला नाश्ता, अकराला सोशल वर्कर, नंतर काही नाही. "काही नाही" हेसुद्धा लिहा.

इथे आपल्याला एक सोय आहे. पेशावर किंवा क्वेट्टाकडे काही वर्षं काढलेल्या अफगाण मुलांना उर्दू येतं, आणि इतर काहींनी हिंदी सिनेमांतून कानावर पडलेलं बरंच साठवलेलं असतं. तुमच्या मोडक्यातोडक्या हिंदीतलं "चाय पिओगे?" ऐकून त्याचे खांदे सैल होतात. पण ही हिंदी चहा, क्रिकेट आणि धुण्याच्या मशीनपुरतीच. डॉक्टर, वकील, होम ऑफिस यांच्यासमोर तुम्ही कधीही दुभाषी होऊ नका. एका क्रियापदाच्या काळात झालेली चूक पुढे त्याच्या केसमध्ये "विसंगती" म्हणून उभी राहते. शिवाय जे तो परक्या दुभाष्यासमोर बोलू शकेल, ते रोज ज्यांच्या हातचं जेवतो त्यांच्यासमोर बोलणार नाही.

जेवण

एका अफगाण मुलाच्या गादीखाली पेपर नॅपकिनात गुंडाळलेल्या पोळ्या सापडल्या. वाळून कडक झालेल्या, एकावर एक नीट रचलेल्या. घरच्या बाईंना आधी उंदरांची काळजी वाटली, मग वाईट वाटलं, की आपण पोटभर वाढत नाही की काय. खरं तर तो जेवणानंतर जेवण येईल यावर अजून विश्वास ठेवायला शिकत होता. यावर उपाय साधा आहे. त्याच्या खोलीत झाकणाचा डबा ठेवा, बिस्किटं, सुका मेवा, ब्रेड असं काहीतरी, आणि न विचारता तो भरत राहा. चर्चा करू नका. लपवणं हळूहळू आपोआप थांबतं.

आग्रह मात्र आवरा. "अजून एक घे" हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर आपल्याकडचा पाहुणा हसतो. या मुलाला तो हुकूम वाटतो आणि तो पोट दुखेस्तोवर खातो. मुसलमान मुलांसाठी हलाल मांस आणा, मिठायांतलं जिलेटिनही बघून घ्या. एरिट्रियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मुलांचे बुधवार-शुक्रवार उपवासाचे असतात, आणि ईस्टरआधी तर पंचावन्न दिवस. आपल्या उपवासाला दूध-दही चालतं, त्यांच्या उपवासाला मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. डाळ-भात, उसळ, तेलावरची भाजी मात्र चालते, त्यामुळे मराठी घरात हे जमवणं फारसं अवघड नाही. तो उपवास करणार की नाही हे त्यानं ठरवायचं. देवाशी बिनसलेली मुलंही यांच्यात असतात.

झोप

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यावी लागते, आणि फायदाही इथेच दिसतो. यातल्या अनेकांनी महिनोन्महिने रात्रीचाच प्रवास केलेला असतो. डोंगर, सीमा, ट्रक, होडी, सगळं अंधारात. दिवसा लपायचं, रात्री जागं राहायचं. शरीराला ती सवय लागून जाते. वर अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यातली चित्रं सुरू होतात. पहाटे चारला जागा असलेला आणि दुपारी एकला उठणारा मुलगा आळशी आहे असं ठरवू नका. मोबाइलचं वेड हेही बहुतेकदा कारण नसतं.

आधी खोली बघा. मंद दिवा लावून ठेवायची सोय करा. दार उघडं हवं की बंद, हे त्यालाच ठरवू द्या. पलंग दाराकडे पाठ करून असेल तर हलवायचा का ते विचारा. अनेकांना दार दिसत राहिलेलं बरं वाटतं.

मग वेळ. झोपायची वेळ लादून काही होत नाही, उठायची वेळ पुढे-मागे करता येते. दुपारी एकला उठतो तर दोन-तीन दिवस साडेबारा, मग बारा. उठल्यावर पडदे उघडायचे आणि दहा मिनिटं का होईना बाहेर पाऊल टाकायचं, पाऊस असला तरी. संध्याकाळी अंग दमेल असं काहीतरी हवं. रात्री आठनंतर एनर्जी ड्रिंक नाही. ही डबडी या मुलांना फार आवडतात आणि केअररना त्यात किती कॅफीन असतं ते ठाऊक नसतं.

फोन काढून घेऊ नका. कुणी कितीही सल्ला दिला तरी नाही. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे. तिथे नेटवर्क मिळेल तेव्हाच आईचा फोन येतो, आणि तो रात्री दोनलाही येऊ शकतो. फोन हातात नसलेली रात्र म्हणजे आईचा फोन चुकला असेल या विचारात काढलेली रात्र. त्यापेक्षा बातम्यांचे व्हिडिओ झोपण्याआधी बघायचे नाहीत एवढं ठरवता येतं का ते पाहा. युद्धाचे व्हिडिओ ही मुलं एकामागून एक बघतात, ओळखीचा चेहरा दिसतो का ते शोधत.

रात्री ओरडून उठला तर अंगाला हात लावून हलवू नका. दारात उभं राहा, दिवा लावा, त्याचं नाव घ्या आणि हळू आवाजात साधी वाक्यं बोला. "तू क्रॉयडनमध्ये आहेस. हे आमचं घर. बाहेरचं दार बंद आहे. मी अमुक." ही चार वाक्यं त्याच्या भाषेत आधीच दुभाष्याकडून शिकून घ्या. थंड पाणी द्या. पाय जमिनीवर टेकवून बसायला सांगा. खोलीतल्या पाच दिसणाऱ्या वस्तू, चार हाताला लागणाऱ्या, तीन आवाज, दोन वास, एक चव, अशी मोजणी त्याच्यासोबत करा. ही युक्ती दिवसा, तो बरा असताना शिकवून ठेवावी लागते. ऐन वेळी समजावत बसलात तर उपयोग नाही. स्वप्नात काय होतं ते विचारू नका, त्या रात्रीही नाही आणि सकाळीही नाही.

दिवस भरणं

रिकामा दिवस या मुलांना खातो. कॉलेजातले इंग्रजीचे वर्ग बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात भरतात. मूल फेब्रुवारीत आलं तर मधले महिने भिंतीकडे बघत जातात. कौन्सिलच्या देखभालीतल्या मुलासाठी शिक्षणाची लेखी योजना बनवावी लागते. तिच्या बैठकीत "प्रवेश होईपर्यंत आठवड्याचे पाच दिवस तो काय करणार" हा एकच प्रश्न लावून धरा. जिम, ग्रंथालय, धर्मादाय संस्थांचे वर्ग, सायकल दुरुस्तीची कार्यशाळा, काहीही चालेल. अफगाण मुलगा असेल तर जवळचा क्रिकेट क्लब शोधा आणि आधी त्यांच्याकडे सुटे बूट-पॅड आहेत का विचारा. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा, सीमारेषेपाशी थांबा, आणि घरी जाताना डाव कसा झाला एवढंच बोला.

तो स्वतःहून बोलला तर

बहुतेकदा हे गाडीत होतं, किंवा भांडी घासताना. समोरासमोर नजर नसते तेव्हा. काम थांबवू नका, भांडी घासत राहा. "मग काय झालं?" असं उकरू नका. "ऐकतेय" पुरे. "विसरून जा आता", "जे झालं ते झालं", "इथे सगळं छान होईल" ही वाक्यं आपल्या जिभेवर तयार असतात. ती गिळा. शेवटचं वाक्य तर तुमच्या हातात नसलेलं वचन आहे. त्याऐवजी, "हे मला सांगितलंस, बरं झालं. रात्री जड वाटलं तर मी खालीच आहे."

गुपित राखायचं वचन कधी देऊ नका. त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर सोशल वर्करला सांगावंच लागतं. हे त्याला आधीच, शांत वेळी सांगून ठेवा. केअररच्या रोजच्या नोंदींबाबतही जपून. त्या पुढे वयाच्या तपासणीत वापरल्या जाऊ शकतात. पाहिलं आणि ऐकलं तेवढंच, तारखेसह, त्याच्याच शब्दांत लिहा. "वयाच्या मानानं खूपच समजूतदार" असं कौतुकानं लिहिलेलं वाक्य त्याच्या विरुद्ध वाचलं जातं. पाच वर्षं एकट्यानं जगलेला पोरगा समजूतदार दिसणारच.

वय, पाकिटं आणि वाट बघणं

या मुलांचं मन बिघडतं ते फक्त मागे घडलेल्या गोष्टींनी नाही. इथे जे चालू असतं त्यानंही बिघडतं, आणि निदान त्यातला काही भाग आपल्या हातात असतो.

वयाचा वाद सगळ्यात जिव्हारी लागतो. तपासणी कशी न्याय्य व्हावी याची चौकट २००३ च्या मर्टन खटल्यातून (मर्टन ही लंडनमधली एक कौन्सिल) आली. २०२२ च्या कायद्यानं त्यासाठी राष्ट्रीय मंडळही नेमलं. कागदावर ठीक. पण मुलाच्या बाजूनं बघा: माझी आई कोण हे मला माहीत, माझं वय हे मला माहीत, आणि तपासणी करणारे समोरचे दोघं म्हणतात तू खोटं बोलतोस. त्यात कॅलेंडरचा घोळ. अफगाण सौर कालगणनेत जन्मसाल १३८७ असेल तर इसवी सन २००८ किंवा २००९, महिन्यावर अवलंबून. एरिट्रियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचं, आणि इथिओपियाचं, कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्यात तेरा महिने असतात. कुणीतरी घाईत केलेली वजाबाकी वर्षभर छळते. अनेकांच्या कागदावर १ जानेवारी ही जन्मतारीख सरसकट टाकलेली दिसते. तपासणीला सोबत स्वतंत्र प्रौढ व्यक्ती आणि योग्य दुभाषी असणं हा त्याचा हक्क आहे. नसतील तर बैठक सुरू होण्याआधी बोला.

आणि पाकिटं. एका घरी होम ऑफिसचं खाकी पाकीट सकाळी आलं. केअररनं ते नीट फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. मुलगा कॉलेजातून आला, त्याला ते दिसलं, आणि बूट न काढता तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला. जेवला नाही. आत भेटीची तारीख बदलल्याचं दोन ओळींचं पत्र होतं. म्हणून नियम करा. पाकीट नजरेआड ठेवायचं, तो आला की लगेच सांगायचं, आणि त्याच्यासोबतच उघडायचं, फोनवर दुभाषी घेऊन. शुक्रवारी संध्याकाळी मोठं पत्र आलं तर काय करायचं हे सॉलिसिटरशी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर सोमवारपर्यंतचे दोन दिवस फार लांब होतात.

होम ऑफिसमधल्या आश्रयाच्या मुलाखतीच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात त्याची झोप आणि भूक पुन्हा बिघडेल. हे अपेक्षित धरा आणि त्याला आधी सांगा. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. परतताना "काय विचारलं?" नको, "काय खायचं?" चालेल. निकाल कधी येईल याचा अंदाज तुम्ही देऊ नका. नियम सतत बदलतात, ते सॉलिसिटरलाच विचारायचं.

घरचे, कर्ज, आणि नाहीसं होणं

घरच्यांशी संपर्क तुटला असेल तर ब्रिटिश रेड क्रॉस मोफत आणि गोपनीयपणे शोध घेते. शोध सुरू करायचा की नाही हे मुलानं ठरवायचं. उत्तर वाईटही येऊ शकतं, किंवा येतच नाही. घरच्यांना इथे आणता येईल अशी आशा तुम्ही लावू नका. ब्रिटनमध्ये निर्वासित दर्जा मिळालेल्या मुलाला आई-वडिलांना कुटुंब-पुनर्मीलनाच्या नियमाखाली बोलावता येत नाही.

संपर्क असला तरी तो सुखाचाच असतो असं नाही. प्रवासासाठी काढलेलं कर्ज, गहाण टाकलेली जमीन, दारात येणारे सावकार, हे सगळं फोनवरून येतं. (हे मराठी वाचकांना समजावून सांगायची गरज नसावी.) अचानक दुसरं सिम, नवा महाग फोन, बाहेर थांबणारी गाडी, कामाबद्दल टाळाटाळीची उत्तरं दिसली तर पिळवणुकीची शक्यता गृहीत धरा. व्हिएतनामहून आलेल्या मुलांना गांजाच्या चोरट्या शेतीत आणि नेल बारमध्ये (नखं रंगवण्याच्या दुकानांत) राबवल्याची प्रकरणं इथे वारंवार झाली आहेत. पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे. मूल ठरलेल्या वेळी घरी आलं नाही तर "येईल रात्रीपर्यंत" म्हणत थांबू नका. पोलिस आणि कौन्सिलच्या तातडीच्या क्रमांकावर लगेच कळवा.

उपचार कधी

कौन्सिलच्या देखभालीत आल्यापासून २० कामाच्या दिवसांत पहिली आरोग्य तपासणी व्हायला हवी. डोकेदुखी, पोटदुखी, छातीत धडधड या रूपात मनाचं दुखणं येतं, पण म्हणून अंगाचं दुखणं सोडून देऊ नका. खरूज, क्षयरोग, कावीळ, किडलेले दात, जुनी जखम, हे सगळं तपासून घ्या. रक्त का काढतात आणि त्याचा निकाल होम ऑफिसला जात नाही, हे सुई टोचण्याआधी सांगा.

महिना उलटून गेला तरी दुःस्वप्नं, दचकणं, अचानक बधिर होऊन बसणं, कशातच मन नसणं चालूच असेल, किंवा शाळा-जेवण-झोप कोलमडली असेल, तर जीपीकडून (नेहमीच्या डॉक्टरकडून) मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेकडे पाठवणी मागा. नाइस (उपचार कोणते द्यावेत हे सांगणारी सरकारी संस्था) हिच्या २०१८ च्या मार्गदर्शनात मुलांसाठी आघातावर केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती, पहिली येते. तिचा गुण आला नाही तर डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर. घडलेलं सगळं एका बैठकीत ओकून टाकायला लावायचं, हे त्यात बसत नाही. कौन्सिल भरून घेते ती २५ प्रश्नांची प्रश्नावली कामाची आहे, पण त्यात शांत, आज्ञाधारक मुलगा सहज सुटून जातो. मला आदळआपट करणाऱ्यापेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटते. वाट बघण्याच्या यादीत महिने जातात. तोवर लंडनमध्ये बाओबाब सेंटर, इतरत्र फ्रीडम फ्रॉम टॉर्चर, रेफ्युजी कौन्सिल यांच्याकडे विचारणा करा.

जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. दुभाष्यालाही आधी सांगा की शब्द गुळमुळीत करायचा नाही. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते हा समज चुकीचा आहे. "हो" म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधं आणि घातक वस्तू हलवा, १११ या आरोग्य सेवेच्या क्रमांकावर पर्याय २ घ्या, तातडीचं असेल तर ९९९. समॅरिटन्स ही मन मोकळं करायची हेल्पलाइन, त्यांचे लोक ११६ १२३ वर दिवसरात्र असतात.

अठरा

नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१९ या काळात, एकट्यानं इंग्लंडमध्ये आलेल्या चार एरिट्रियन मित्रांनी एकापाठोपाठ आत्महत्या केल्या. सगळे नुकतेच अठरा ओलांडलेले. या वयात केअररचं घर सुटतं, सोशल वर्कर बदलतो, मोठ्यांच्या मानसिक आरोग्य सेवेत नव्यानं रांग लावावी लागते, आणि काहींचा निकाल अजून टांगलेलाच असतो. वाढदिवसाचा केक आणण्याआधी हे लक्षात घ्या.

तयारी सोळा-साडेसोळापासून. कौन्सिलला पाथवे प्लॅन (अठराच्या पुढची लेखी योजना) लिहावा लागतो. तो कधी पुरा होतोय ते दर बैठकीत विचारा. ठरावीक मुदत कौन्सिलच्या देखभालीत राहिलेल्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत पर्सनल अ‍ॅडव्हायझर मिळू शकतो, आणि दोघांची इच्छा असेल तर स्टेइंग पुट या तरतुदीखाली २१ पर्यंत त्याच फॉस्टर घरी राहता येतं. खोली वेगळी मिळणार असेल तर आधी दोनदा सोबत जाऊन बघा, बस कुठली, हलाल दुकान कुठलं, जीपी कुठला. वीज-मीटर भरायला आणि कौन्सिल टॅक्सचं पत्र ओळखायला शिकवा. तुमचं घर सोडल्यावरही रविवारी जेवायला यायचं का, हे मोघम ठेवू नका. "येत जा" म्हटलं तर तो येणार नाही. वार सांगा, वेळ सांगा. आणि वकील, अ‍ॅडव्हायझर, जीपी, तुमचा, असे सगळे नंबर कागदावर लिहून द्या. या मुलांचे फोन हरवतात, चोरीला जातात, आणि पैसे संपले की बंद पडतात.